स्वल्प तडी

उद्यमबागेच्या मागच्या गल्लीत, जिथं फाउंड्रीची काळी वाळू
रस्त्याच्या कडेला येऊन बसते, तिथं आमचं शेड.
पाटी दोन भाषांत.
टर्बो हा शब्द दोन्हींत वेगवेगळ्या तऱ्हेनं चुकलेला.

जोतिबा सुंठकरांची गाडी चोर्ल्याच्या चढावर दम टाकत होती,
मागून निळा धूर.
कोल्हापुरात कुणीतरी सांगितलेलं: टर्बो गेला, साठ हजार काढून ठेवा.
ते साठ हजार त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते,
खिशात नव्हते.

दस्तगीर मिस्त्रींनी धुराचा वास घेतला,
फोडणी करपली का बघतात तसा.
"निळा म्हंजे तेल. काळा असता तर हवा कमी.
पांढरा असता तर मीच घरी गेलो असतो."
मग माझ्याकडं बघून, "घाल हात."

इंजिन आणि मागच्या पत्र्यामधे चार बोटांची फट.
तिथला तेरा नंबरचा बोल्ट कुणालाच दिसत नाही.
आयटीआयच्या पुस्तकात आहे तो,
पण पुस्तकात गाडी तापलेली नसते.
माझा हात जातो. तेवढ्यासाठीच ठेवलंय मला,
असं शेजारचा वेल्डर म्हणतो.
मनगटावर एक भाजलेलं कडं आहे. आई ते बघून
अजून बांगड्यांचा विषय काढते.

पहिल्या दिवशी मिस्त्रींनी टर्बो समजावला होता:
निघालेल्या पाहुण्याकडनं जाता जाता
रहाटाचं पाणी काढून घ्यायचं, तसं हे.
धूर बाहेर जाणारच आहे, जाता जाता एक चक्र फिरवू दे,
दुसऱ्या टोकाचं चक्र ताजी हवा आत ओढतंय.
मिनिटाला लाखावर फेरे,
आणि मधे आधार कशाचा?
तेलाच्या पापुद्र्याचा.

दांडा चिमटीत धरला. आडवा हलला, केसभर.
चालतंय. मागंपुढं, अजिबात नाही.
पाती शाबूत, एकालाही दात पडलेला नाही.
"टर्बो गेलाय म्हणे," मिस्त्री म्हणाले. "कुठं गेलाय? हितंच हाय की."

गेली होती ती तेल परतायची नळी,
काजळीनं बुजून, जुन्या तव्याच्या कडेसारखी.
वर चढलेलं तेल खाली उतरेना,
मिळेल त्या वाटेनं जळायला निघालेलं.
सायकलच्या ब्रेकची तार, वाटीभर डिझेल, दोन तास.
वर हवेच्या रबरी पाइपला पोटाकडून चीर,
साबणाच्या पाण्यात दाबल्यावर कबूल झाली.
सगळे मिळून तीन हजार आठशे.

जोडण्याआधी टर्बोच्या तोंडात तेल ओतलं, चक्र बोटानं फिरवलं,
इंजेक्टरच्या वायरी सोडून इंजिन नुसतंच घुमवलं,
तेलाचा लाल दिवा विझेपर्यंत.
पिरनवाडीपर्यंत जाऊन आलो. बारीक शीळ, धूर नाही.
सुंठकर इतके खूश की येताक्षणी किल्लीला हात.
मिस्त्री ओरडले, "स्वल्प तडी!"

थांब जरा. इंजिन थांबलं की तेल थांबतं,
चक्र थांबत नाही.
आधी मिनिटभर हळू चालू दे, निवू दे, मग विझव.
मला तेव्हा वाटलं, कानडीत तडी म्हणजे थांब,
आणि आपण मराठीत काम तडीला नेतो.
मिस्त्रींना हे सांगितलं. ते म्हणाले, पाना पूस.

यंदा त्यांना जिना चढवत नाही.
पोरवयात अकरा वर्षं फाउंड्रीत साचे भरलेत त्यांनी,
ती वाळू सगळीच काही रस्त्यावर पडलेली नाही.
काल रात्री शटर ओढून लगेच घरी निघाले,
चौथ्या पायरीवर हात भिंतीला.
छातीतून बारीक शीळ.
मी कान देऊन ऐकली, सवयीनं.
कुठल्या पाइपची, ते कळलं नाही.

"स्वल्प तडी," मी म्हटलं.
बसले. मीही बसले खालच्या पायरीवर.
आत सोडून ठेवलेलं कुणाचं तरी इंजिन
टिक् टिक् करत निवत होतं.