तक्ता एकेचाळीस

एका तक्त्याला साडेतीनशे, रंग माझे, कागद त्यांचा.
वनस्पतिशास्त्र विभागाच्या जिन्यात ठरलं,
डॉक्टर दिघ्यांच्या हातात तेव्हा डबा होता.
साठ झाडं, बडोद्यातलीच.
खिशात मावेल एवढं पुस्तक.
मी विचारलं, बायकांच्या कपड्यांना खिसे कुठे असतात?
ते म्हणाले, बरं, पिशवीत मावेल असं लिहू.

महारूखाची फांदी आणली कमाटीबागेतून,
नदीच्या अंगाला, जिथे मगरींची पाटी आहे.
माळ्याने लाकडाच्या तुकड्यासकट ओढून दिली.
दिघे म्हणाले, ही फांदी नव्हे.
हे एक पान.
मी मोजली होती: बावीस पानं.
ते म्हणाले, पर्णिका. डोळा कुठे आहे ते बघा,
डोळा जिथे, पान तिथून सुरू,
आणि करंगळीने दाखवला,
देठाच्या बगलेत, ज्वारीच्या दाण्याएवढा.
पंचेचाळीस वर्षं मी ह्या झाडांखालून जातेय
आणि पानाला फांदी म्हणतेय.

तीन रात्री काढलं ते,
दांडियाबाजारच्या खोलीत, पंखा बंद करून,
भर मे महिन्यात,
पान पातेल्यातल्या पाण्यात उभं.
सोळाव्या पर्णिकेला अळीने पाडलेलं भोक होतं.
कड तपकिरी, आत नुसता कागद.
अख्ख्या तक्त्यात तेवढंच मला जमलं होतं.

दिघे म्हणाले, भोक काढून टाका.
लोकांना वाटेल, भोक हीच खूण.
मला ह्या पानाचं चित्र नको,
सगळ्या पानांचं हवं.
सगळी पानं काही मी पाहिली नव्हती.
पण साडेतीनशे.
हिरव्यात थोडा पिवळा घातला, भोक बुजलं.

मग बुजवतच गेले.
पळसाच्या पानावरची रिक्षांची धूळ,
बुचाच्या खोडात ठोकलेली शिकवणीची पाटी,
रायणीवर चाकूने कोरलेला अर्धा बदाम
(अर्ध्यावर कोण आलं असेल?),
बहाव्यावरून उतरणारे मुंगळे,
वडाला गुंडाळलेला दोरा, तो तर आधीच.
साठ झाडं उभी राहिली पांढऱ्यावर,
कुणाच्याच पायाखाली जमीन नाही.

पुस्तक आलं दिवाळी उलटल्यावर.
हिरवा जरा निळाच छापलेला.
माझं नाव आभारात, शेवटून दुसरं,
आडनावातलं झाड तेवढं गेलेलं:
फणसेचं फडके झालं.

ते घेऊन गेले बागेत, नवख्यासारखी.
म्हटलं, बघू, आपल्या पुस्तकातून आपल्याला झाड सापडतं का.
पान साधं की संयुक्त? संयुक्त.
पर्णिकांची कड अखंड की दातेरी? दातेरी.
टोकाला एक पर्णिका की जोडी?
तिथे अडले.
टोक कुणीतरी खाल्लं होतं.
पुढच्या प्रश्नाकडे जायला वाटच नव्हती.

बाकावर मोजे वाळत घालून पहारेकरी बसला होता,
छगनभाई वसावा, छातीवरच्या बिल्ल्यावर वाचलं.
त्याने एक पर्णिका चुरगळली, नाकाशी नेली,
बेन, आ तो अरडूसो.
मग पुस्तक मागितलं.
बोटं पँटला पुसून एकेचाळीसवर थांबला.
आ कयुं झाड?
मी म्हटलं, हेच.
त्याने चित्राकडे पाहिलं, मग वर,
मग पुन्हा चित्राकडे, बराच वेळ.
आटलुं चोख्खुं? म्हणाला,
आणि पुस्तक परत दिलं, दोन्ही हातांनी,
अनोळखी घरच्या लग्नपत्रिकेसारखं.

घरी येऊन माझ्या प्रतीत
सोळाव्या पर्णिकेला सुईने भोक पाडलं.
मागच्या बाजूला बेचाळीस आहे हे ध्यानातच आलं नाही.
ते निघालं करंजाच्या पानातून, शिरेच्या अगदी जवळ.
असू दे.
करंजालाही अळी लागते.