तळाला रबर

वागळे इस्टेटमध्ये एकतीस वर्षं
मी दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूंच्या कडांवरून
अंगठा फिरवला.
कुठे बर राहिली, कुठे चीर,
पास की रिजेक्ट,
एवढंच माझं काम.
रिटायर झालो, अंगठा तसाच राहिला.

आज तो जांभळी नाक्याला नेला,
गालाशेठच्या दुकानात,
खारीसाठी भांडं बघायला.

खारी आमची कुत्री. तेरा वर्षांची.
एका डोळ्यात साय धरलीय,
मागचे पाय उठण्याआधी
थोडा वेळ मागून घेतात.
तिचं पहिलं भांडं निळं, प्लास्टिकचं,
मुळात कुणाच्या तरी बारशाच्या आइस्क्रीमचा डबा.
हनुवटीवर पुळ्या आल्या तेव्हा
पाचपाखाडीच्या म्हसकर डॉक्टरीणबाईंनी
तो उजेडात उलटा धरला.
हे बघा, दातांचे ओरखडे.
प्रत्येकात कालचं जेवण.
घासून जायचं नाही ते.

मग चिनीमातीचा वाडगा आणला, फुलाफुलांचा.
आठव्या दिवशी टवका उडाला,
आणि रात्री अकरा वाजता मी
टॉर्च घेऊन सिंकखाली पालथा,
तो टवका तिच्या पोटात तर नाही ना.
सापडला. मिठाच्या बरणीमागे ठेवलाय,
का ते विचारू नका.

शेजारच्या नाखवाकाकू म्हणाल्या,
तांब्याचं ठेवा, तब्येतीला चांगलं.
काकू, ती ताकभात खाते.
कळकेल.

मधले चार महिने ती जेवली
स्टीलच्या एका ताटलीत,
जिच्या काठावर टिंबाटिंबांनी लिहिलंय
कै. इंदुमती गं. राऊळ यांच्या स्मरणार्थ.
या कोण, ते कुंदाला माहीत होतं.
विचारायचं राहिलं.
ताटली हलकी. पाणी संपलं की खारी
ती नाकाने ढकलत न्यायची,
ओट्यापासून चपलांच्या स्टँडपर्यंत,
खर्रर्र, टण्,
पहाटे तीनला, रोज.
मी शिव्या घालत उठायचो
आणि तांब्या भरून ओतायचो.

गालाशेठ, हे खोल आहे, तिचं नाक बुडेल.
हे वजनाला बरं, पण आत जोड आहे,
जोडात भात अडकतो.
याची कड दुमडलेली नाही, नुसतीच कापलीय.
रिजेक्ट.
तो हसला. म्हणाला, काका,
सुनेला देताना पण लोक एवढं बघत नाहीत.

शेवटी एक मिळालं.
एकसंध, जड, तळाला रबराची कडी,
तोंड तिच्या तोंडापेक्षा चार बोटं रुंद.
अंगठा पूर्ण फिरला, कुठेच थांबला नाही.

नाव काय घालू? त्याने मशीन हातात घेतलं.
खारी.
नुसतं खारी?
आडनाव आमचंच घाला.
आणि तारीख?
मशीन हवेत घरघरत राहिलं.
तारीख नको, म्हटलं.
जागा मोकळी राहू दे.

घरी येऊन माळ्यावरचे पाट काढले,
माझा खाली, कुंदाचा वर,
त्यावर भांडं. सहा इंच झाले,
मान वाकवायला लागत नाही आता तिला.
प्यायली. माझ्याकडे बघितलं.
पुन्हा प्यायली.

सगळं पास.

आणि पहाटे तीनला दचकून जागा झालो,
कसलाच आवाज झाला नाही म्हणून.
धावलो, अंधारात, चष्म्याशिवाय.
भांडं जागच्या जागी. कोरडं.
खारी त्याला नाक लावून उभी,
ढकलून ढकलून दमलेली,
एका डोळ्याने विचारत होती
याला झालंय तरी काय.

तांब्या भरला.
उद्यापासून गजर लावतो, बाई.
पी.