सातवा फर्मा

रबाळे एमआयडीसी, दुसरी पाळी.
माझं काम जुळणीचं:
एक ते अठरा फर्मे ओळीनं उचलायचे,
ठोकून सरळ करायचे, गमच्या मशीनला द्यायचे.
पुस्तक इंग्रजी. कादंबरी. तीन हजार प्रती.
लेखक इथलाच म्हणतात, पामबीचला राहतो.
मागच्या कव्हरावर त्याचा फोटो आहे,
खाडीकडे पाठ करून.

वाचायचं नसतं. सफदरभाई म्हणतात,
वाचणाऱ्याचा हात मंदावतो.
पण मी वाशीला संध्याकाळच्या कॉलेजात
तिसऱ्या वर्षाला आहे, आणि कुट्टी मॅडमनी
दहा मार्कांना विचारलंय:
साहित्य आणि समाज यांचा संबंध स्पष्ट करा.
म्हणून डबा खाताना एक रद्द फर्मा
मांडीवर घेते.

डोळे आधी तिरक्या अक्षरांवर जातात.
इंग्रजीत आपले शब्द तिरके उभे असतात,
परक्या लग्नात भिंतीला टेकून राहिल्यासारखे.
भाकरी. आत्या. खाजण.
प्रत्येकाच्या मागे स्वल्पविराम,
आणि त्याच्यामागे
त्याची ओळख करून देणारं कुणीतरी.

पान एकशे नऊ.
हे शहर वसायच्या आधी
इथे काहीच नव्हतं, चिखल आणि बगळे.
मी ते वाक्य दोनदा वाचलं.
मराठीत ‘काहीच नव्हतं’ म्हटलं की विषय संपतो.
इंग्रजीत तसं नाही. तिथे नथिंग हे नाम आहे.
तिथे नथिंग होतं,
ऐसपैस, चतुःसीमा आखलेलं,
सातबाऱ्यावर चढवता येईल असं.

आमचे वीस गुंठे त्याच्यात गेले.
बांधाला उघाडी होती. तिची फळी
आजोबा रात्रीचे टाकायचे,
भरतीचं पाणी पायानं चाचपून.
तुकड्यांना नावं होती:
लांबोडी, शिंपणी, भुताचा तुकडा.
कंपनीच्या गेटवर जिथे मी रोज
बोट टेकवून हजेरी लावते,
ते भुताच्या तुकड्यात येतं.

त्याला लिहिता येत नाही असं नाही.
तेराव्या फर्म्यात एक बाप
निवृत्तीच्या दिवशी कामावरचे बूट पुसतो
आणि परत खोक्यात ठेवतो, पावतीसकट.
तिथे मी डबा बंद केला.
ते खोकं आमच्या माळ्यावर आहे.
याला ते कसं दिसलं,
आणि उघाडी कशी नाही?

मनात आलं होतं, सातवा फर्मा गाळावा.
एकाच प्रतीतला.
शहाण्णववरून थेट एकशे तेरा.
समीक्षक म्हणाले असते,
लेखकानं मुद्दाम मोकळी जागा सोडलीय.
नाही गाळला. तीन हजार वेळा उचलला,
तीन हजार वेळा सहाव्या-आठव्याच्या मधे ठेवला.
हात मंदावला नाही.

पेपरात लिहिलं, साहित्य हा समाजाचा आरसा आहे.
सगळेच लिहितात. सहा मिळाले.

रद्दी कामगारांना अर्ध्या दरात मिळते.
शनिवारी गोठिवलीच्या बाजारात
चांगुणाआत्याला नेऊन दिली.
तिनं फर्मा दोन बोटांत धरून पाहिला.
‘कागुद बरा हाय गो. जाडा. पानी नाय मुरत.’
मग, गिऱ्हाईक नाही बघून,
‘काय लिवलाय यान?’
मी म्हटलं, आपल्याविषयी आहे.
‘आपलेविषयी? कोनी?’
उत्तर द्यायच्या आत
टॉवरमधली एक बाई येऊन उभी राहिली,
नाकाला ओढणी लावून, पण जवळा हवाच असलेली.

आत्यानं एकशे नऊ नंबरचं पान फाडलं,
मापटंभर जवळा ओतला,
वर चिमूटभर आणखी टाकला,
पुडी वळली.

पिशवीत टाकण्याआधी
बाईनं पुडीवरची ओळ वाचायला
मान तिरकी केली.

‘पन्नास,’ आत्या म्हणाली.