मुद्देमाल क्रमांक सात

सिव्हिल लाइन्सला, कोर्टाच्या भिंतीला टेकलेल्या टिनाखाली
अकरा वर्षं मी इतरांच्या हकिकती टाइप करते.
पानामागं बारा रुपये.
सदर, उपरोक्त, येणेप्रमाणे :
हे शब्द माझ्या बोटांना पाठ आहेत,
तोंडाला नाहीत.

म्हणून त्या रात्री ठाण्यात
हवालदार बारापात्रे काय लिहितो आहे
ते मला टेबलाच्या अलीकडून, उलटंही वाचता येत होतं.
कूलरमध्ये पाणी नव्हतं.
नागपूरचा मे, रात्रीचे साडेअकरा,
नुसता गरम वारा फेकत होता कागदांवर.

त्यानं लिहिलं : अतिप्रसंग केला.
मी म्हटलं, खोडा.
प्रसंग म्हणजे बारसं, तेरवी, फार तर घरावर आलेला बाका.
पुढे अति लावल्यानं त्याचा गुन्हा होत नाही.

त्यानं लिहिलं : अब्रू लुटली.
मी म्हटलं, हेही खोडा.
लुटीची तक्रार नाही माझी.
माझं काही गेलेलं नाही.
त्यानं काही केलेलं आहे.

"काहून एवढी शब्दाला धरून राह्यली बाई?"
वाईट नव्हता तो, दमला होता.
डब्यातली अर्धी पोळी तशीच होती.
"उद्या तुझंच नाव होईन."
नाव तर कायदाच काढून घेणार होता.
पुढच्या प्रत्येक कागदावर मी पीडिता.
कितीदा टाइप केलंय मीच,
पी दीर्घ, डि ऱ्हस्व.

आई बाकावर, पदराचं टोक दातात.
तिला वाटत होतं मी हळू बोलावं,
पंख्यालाही ऐकू जाऊ नये इतकं.

मग आतून धुर्वेबाई आल्या,
ड्युटी संपलेली, पायात घरच्या चपला.
रजिस्टर आपल्याकडे ओढून म्हणाल्या,
"सांग वं माय, कोणता शब्द लिहू?"

आणि तो शब्द,
जो मी शे-दीडशे वेळा न अडखळता टाइप केला असेल,
घशापर्यंत आला आणि तिथंच बसून राहिला.
शुद्धलेखन पक्कं होतं माझं. उच्चार नव्हता.
धुर्वेबाई थांबल्या, पेन उघडं ठेवून.
बराच वेळ.
मग मी म्हणाले, बलात्कार.
एकदाच, पण पूर्ण.
आई उठून पाणी प्यायला गेली.

पुढचं माहीत आहे असं सगळ्यांना वाटतं.
मेडिकलची हिरवी चादर.
नखाखालचं खरवडताना डॉक्टरबाईंनी विचारलं, थंडी वाजते का?
मे महिन्यात.
आणि हो, वाजत होती.
त्याच्या वकिलानं विचारलं, ओरडला का नाहीत?
आवाज हासुद्धा पुरावा असतो
हे त्या वेळी घशाला कुणी सांगितलं नव्हतं.
तारीख. साहेब रजेवर.
तारीख. साक्षीदार अमरावतीला.
तारीख. हिवाळी अधिवेशन, सगळे पोलीस बंदोबस्ताला.

तो जामिनावर आहे.
सदरला पोह्यांच्या ठेल्यावर दिसतो, तर्री जास्त मागतो.
सव्वा वर्ष मी रस्ता बदलत होते.
आता नाही बदलत.
मलाही तिथले पोहे आवडतात.

चौथं वर्ष.
माझा कुडता अजून त्यांच्याकडे,
खाकी पाकिटात, लाखेच्या सीलखाली.
जांभळा. कापड इतवारीतलं,
गळ्याचा गोट मावशीनं हातानं लावलेला.
मालखान्यात विचारलं, परत मिळतो का?
कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं.
"निकालानंतर. अर्ज करावा लागते.
पण नेऊन करशीन काय त्याचं?"

माहीत नाही.
जाळीन.
किंवा धुऊन गच्चीवर वाळत घालीन, भर दुपारी,
दोन्ही खांद्यांना चिमटे लावून.
ते ठरवणं माझ्याकडे यावं, एवढंच.

अर्ज टाइप करून ठेवला आहे.
तारखेची जागा सोडली आहे.