घेऊ, का थांबू

धंतोलीत, झेरॉक्सवाल्याच्या डोक्यावर माझं दुकान.
लग्नसराई सरली की हेडाऊकाका जिना चढून येतात
आणि हेल्मेटशेजारी तोच प्रश्न टेबलावर ठेवतात :
"घेऊन टाकू, का थांबून राहू?"

त्यांना सगळं पाठ असतं.
दिवाळीनंतर नवा प्रोसेसर येणार म्हणतात, नवं सॉकेट,
कोर जास्त, वीज कमी.
एकाची तर मेमरी चिपच्या मांडीवरच झाळलेली,
मागाहून वाढवता येणार नाही.
"म्हणजे जन्माची गाठच झाली ना बाप्पा."
पत्रिका जुळवणारा माणूस, दुसरं काय म्हणणार.

मी म्हणते, काका, पुढचं नेहमी पुढेच असतं.
पुस्तिकेत लिहिलंय, पंच्याण्णव अंशांपर्यंत काळजी नको.
पुस्तिका लिहिणारा मे महिन्यात
इतवारीत पत्र्याखाली बसला नव्हता.
सगळ्यात वेगवान नको,
थंड डोक्याचा बघू.

यंदा त्यांनी हेल्मेट काढलंच नाही.
जुना डबा कडेवर, लेकरासारखा.
सव्वाअकराला बंद पडला,
एका नवरदेवाचं आडनाव अर्ध्यावर.
"लाव. आज मिळंल ते."

कूलर बंद केला. लोखंडाला हात लावून
अंगातली वीज उतरवली,
मग जुन्या पट्ट्या काढल्या.
त्या नव्या बोर्डात बसत नाहीत, खाच जराशी सरकवलीय,
मुद्दाम,
कुणी जबरदस्ती करू नये म्हणून.

"यात असतील का गं अजून, पत्रिका?"
नाही काका. वीज गेली की यात काही उरत नाही.
उरतं ते डिस्कवर. यातून नुसतं जातं.
अर्ध्या इतवारीची लग्नं गेली यातून.
माझंही. 'प्रज्वला'तला ज त्यांनी आधी पूर्ण लावला होता,
रात्री अकराला परत बसून अर्धा केला.
लग्न तेवढं टिकलं नाही.
पत्रिका निर्दोष होती.

दोन्ही पट्ट्या त्यांनी रुमालात बांधल्या.

नव्या पट्ट्या. कट्. कट्. बटण.
पंखा फिरला. पडदा काळा.
एक मिनिट. दोन.
"गेलं का?"
नाही, थांबा. पहिल्यांदा असंच होतं,
बोर्ड आणि मेमरी एकमेकांना अजमावताहेत,
कोण किती वेग सोसेल ते.
"किती वेळ?"
सांगता येत नाही. मध्येच बंद करायचं नाही, एवढंच.

काकांनी हेल्मेट काढलं,
टेबलाच्या पार कडेला ठेवलं,
आवाज न होऊ देता.