उलटा के

लोरेटा कुबियाक एकतीस वर्षं शाळेची बस चालवायची.
आता हेरन्सचा हिशेब ठेवते.
हेरन म्हणजे बगळा. टोपीवरही तोच,
एका पायावर उभा, चोच रिकामी.
"चोच तरी खरी काढलीय," ती म्हणते.

एप्रिलमध्ये सरोवरावरून वारा येतो तो थेट हाडांत.
गुडघ्यांवर ब्लँकेट, थर्मासमध्ये कॉफी,
कानामागे पेन्सिल, मांडीवर वही.
प्रत्येक बॅटरला एक चौकोन,
पोस्टाच्या तिकिटाएवढा,
त्यात मावेल तेवढंच ज्याचं त्याचं नशीब.

पहिले अकरा सामने गेले.
अकराव्यानंतर तिने स्वयंपाकघरातल्या रेडिओला बजावलं,
तुझं तोंड बघणार नाही.
दुसऱ्या रात्री गॅरेजमध्ये, काचा वर करून,
अंधारात गाडीत बसली होती.
गाडीचा रेडिओ वेगळा. त्याच्याशी भांडण नव्हतं.
सातव्या डावात चार धावा निघाल्या
आणि शेजारचा ओस्टरहाउट झोपेतून उठला:
बंद गॅरेजमध्ये कुणीतरी हॉर्न वाजवतंय.

जूनमध्ये तिने चादरी दोरीवर घातल्या त्या दिवशी जिंकले.
दुसऱ्या दिवशीही जिंकले. चादरी तशाच राहिल्या.
नऊ दिवस.
एक सर येऊन गेली, चिमण्यांनी आपलं काम केलं,
ओस्टरहाउट कुंपणाशी येऊन घसा खाकरला.
"हात तर लावून बघ," ती म्हणाली.
दहाव्या दिवशी हरले, एकोणीस-दोन.
रात्री अकराला टॉर्च काखेत दाबून
तिने चादरी उतरवल्या,
एकेक चिमटा दातांत धरत,
शिवीला जागा उरू नये म्हणून.

वहीत ती खोटं लिहीत नाही. एकदाच लिहिलं.
शॉर्टस्टॉपला उभा राहतो तो पोरगा, येफ्री,
त्याच्या दोन पायांमधून चेंडू निघून गेला,
दारातून मांजर जावं तसा.
फलकावर लागली चूक.
पण त्या दिवशी त्याची आई आली होती, दोन विमानं बदलून,
लेकाचाच शर्ट अंगात, गुडघ्यांपर्यंत आलेला,
आणि त्याचं नाव पुकारलं एवढंच कळून
ती टाळ्या वाजवत सुटली.
लोरेटाने चौकोनात लिहिलं: हिट.
चेंडू खड्यावरून उसळला, असं ती अजून सांगते.
कुणी विचारलेलं नसतं.

सप्टेंबरचा शेवटचा रविवार.
जिंकले तर पुढे, नाहीतर बर्फ.
नववा डाव, एक धाव कमी, दोन बाद,
पहिल्या-दुसऱ्या बेसवर माणसं,
आणि बॅट घेऊन येफ्रीच.
तीन बॉल, दोन स्ट्राइक.
तिच्या पुढच्या रांगेतल्या बाईने नवऱ्याचा कान धरला होता,
तिला आणि त्यालाही पत्ता नव्हता.

चेंडू आला.
येफ्री बघत राहिला.
पंचाचा हात वर गेला.

बॅट फिरवून चुकला तर के लिहायचा.
नुसता बघत उभा राहिला तर उलटा के,
पाठ फिरवलेला.

चेंडू बाहेर होता.
तिसऱ्या बेसच्या बाजूने, बावीस रांगा वरून,
चष्म्यावर मोहरी सांडलेली असताना
लोरेटाला स्पष्ट दिसला.
चौकोन अजून कोरा होता.
तिथे बॉल लिहिला असता तर तिन्ही बेस भरले असते,
पुढचा गडी आला असता,
तिच्या वहीत डाव चालूच राहिला असता
आज रात्री, उद्या, नाताळात.

लोक उठले. खुर्च्या खटाखट मिटल्या.
खाली येफ्री तसाच उभा, बॅट खांद्यावर,
अजून कशाची तरी वाट बघत.
तिने उलटा के काढला.
शेजारी, समासात, बारीक अक्षरात: बाहेर होता.

पेन्सिल इतकी दाबली होती
की मागच्या कोऱ्या पानावरही तो उमटला,
जिथे पुढच्या एप्रिलचा पहिला बॅटर
कोण असेल ते अजून ठरायचंय.