उद्या निळा डबा

फ्रिजवरून उतरवलं शेवटी
डंडी नगरपालिकेचं कॅलेंडर.
कुठल्या मंगळवारी कुठला डबा रस्त्याकडेला ठेवायचा,
एवढंच खरं तर त्याचं काम.
चौकटींच्या कडेला उरलेल्या पांढऱ्या जागेत
मी माझं वर्ष भरत गेले,
पिशवीत जागा नसताना
वरून कोथिंबीर खोचावी तसं.

जानेवारी, राखाडी डबा. मातीकामाचा वर्ग, चर्चमागचा हॉल.
पहिला मग. कान भट्टीतच गळून पडला.
श्रीरंग रात्रपाळीहून येतो
आणि त्या बुच्या मगातूनच चहा पितो, दोन्ही हातांनी धरून.
हात गरम होतात, म्हणतो,
कान हवाय कशाला.

फेब्रुवारी. जुई, झोपलेली. पेन्सिल.
फेब्रुवारी. जुई, पुन्हा झोपलेली.
मार्चमध्ये तिने दाराला आतून कडी लावली.
चौदाव्या वर्षी चेहरा स्वतःचा होतो,
आईलासुद्धा विचारून घ्यावा लागतो.
चित्र नाकापाशी थांबलंय.

एप्रिल.
एप्रिलमध्ये माझ्या अक्षरात काही नाही.
सांगलीला होते. दहावा, तेरावा, बँकेतल्या सह्या,
आणि भाऊंच्या हत्यारांची पेटी,
जी कुणालाच नको होती.
इथे तीन आठवडे आमचे डबे
शेजारच्या मोरागने बाहेर काढले, आत आणले.
ती बोलली नाही काही.
डबा भिंतीकडे तोंड करून उभा होता,
आम्ही कधीच तसा ठेवत नाही,
त्यावरून कळलं.

जून. रात्रीचे दहा, तरी उजेड हटत नाही.
ब्रॉटी फेरीच्या किनाऱ्यावर दुधाच्या खोक्यांची बोट.
तीन संध्याकाळी, दोन भांडणं, एक आख्खा चिकटपट्टीचा रोल.
अद्वय मोजत होता, चक्क मराठीत,
सोळा, सतरा, अठरा, दहा-नऊ
आणि दहा-नऊला बोट बुडाली.
एकोणीस म्हणायला मी तोंड उघडलं होतं.
मिटलं.

ऑगस्ट. स्वेटर, डावी बाही.
सप्टेंबर. स्वेटर, डावी बाही.
ज्याच्यासाठी विणायला घेतला
तो दरम्यान दोन बोटं पुढे निघून गेला.

ऑक्टोबरात भाऊंची पटाशी काढली.
सामानात टाकून आणलेली ती एकच.
लिनोसाठी फार रुंद, फार गंभीर,
तरी तिनेच कोरली अक्षरं, चार रात्री.
कागद दाबला, उचलला,
तर दिवाळी आरशातली!
पहिली वेलांटी दुसरी झालेली, दुसरी पहिली,
ऱ्हस्व होतं ते दीर्घ, दीर्घ ते ऱ्हस्व.
भाऊ म्हणाले असते,
आधी कागद आरशासमोर धरायचा, बाळ,
मग हत्यार उचलायचं.
कडी निघाल्याचा आवाज आला.
जिला मराठी धड वाचता येत नाही
तिनेच ओळखलं, उलटं आहे म्हणून,
आणि इतकी हसली, दारातच बसून,
की मी बघत राहिले,
न विचारता.
चाळीस कार्डं तशीच पाठवली.
बाराजणांनी फोन करून विचारलं, बरी आहेस ना.

आता डिसेंबर. साडेतीनला अंधार.
नवं कॅलेंडर आलंय, कोरं, घडीचा वास असलेलं.
श्रीरंग विचारतो, जुनं टाकू का निळ्या डब्यात?
थांब, मी म्हणते,
आणि कोट चढवून डबा ओढायला निघते.
हिमाने चाकं करकरतायत.
मोरागचं खुब्याचं ऑपरेशन झालंय गेल्या आठवड्यात.
तिचाही ओढते. उद्या आत आणायचे दोन्ही.
तोंड कुणीकडे करायचं
ते माहीत आहे.